तिसरं पाणी

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवावीत तर थोरलीनेच. बावीस वर्षं ती रसायन विभागाच्या सिंकपाशी उभी. फ्लास्क असा लख्ख करायची की सगळे तिला आरसाबाई म्हणत. पहिलं पाणी साबणाचं, दुसरं साधं, तिसरं ॲसिडाचं. तिसरं पाणी चुकवणारा माणूस तिच्या लेखी माणूसच नव्हता.

धाकट्या जावेला तिनेच शब्द टाकून जीवशास्त्राच्या उंदीरखोलीत चिकटवलं. झालं, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. वर्षही झालं नाही तोच धाकटीच्या ध्यानात आलं, की ठरावीक औषध टोचलेल्या उंदरिणी आपली पिल्लं टाकून देत नाहीत. शास्त्रज्ञांनी तपासलं, खरं निघालं, आणि लेखाच्या शेवटी आभारात धाकटीचं नाव छापून आलं. सासूबाईंनी ते पान फ्रिजवर चिकटवलं. दूध काढायला गेलं तरी तेच दर्शन.

थोरलीचा नुसता जळफळाट. 'बावीस वर्षं हात मी झिजवले, आणि नाव कुणाचं, तर उंदरांना दाणे टाकणारीचं!' समोर जाऊच असल्यासारखी ती भांडी घासायची. महिन्याभरात ब्रशचे केस झडून आतली तांब्याची तार उघडी पडली, तरी हिचं लक्ष कुठे? तिसऱ्या पाण्याच्या वेळेला तर ती उंदीरखोलीच्या दाराशी असायची, आज धाकटीचं कौतुक कोण करतंय ते ऐकायला.

त्याच दिवसांत रसायनाच्या मॅडमना घबाड सापडलं. कशालाच दाद न देणारं प्लॅस्टिक त्यांच्या फ्लास्कमध्ये तासाभरात विरघळलं. पण दुसऱ्या प्रयोगशाळांत काही केल्या जमेना. नवा फ्लास्क घेतला तर इथेही जमेना. मॅडमवर खोटेपणाचा ठपका यायची वेळ आली. शेवटी त्या सिंकपाशी आल्या.

"आरसाबाई, तुमच्या धुण्यात काही बदललंय का?"

थोरलीने ब्रशकडे पाहिलं. नाही म्हणावं तर मॅडम बुडतात, हो म्हणावं तर बावीस वर्षांची अब्रू वाहून जाते.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "दोन महिने तिसरं पाणीच दिलं नाही मी."

तांबंच निघालं. तारेचं, ॲसिडाचं पाणी न मिळाल्याने काचेला चिकटून राहिलेलं. सगळी करामत त्याची. मॅडम खूश. लेखातलं वाक्य त्यांनी आधी मराठीत वाचून दाखवलं: अमुक बाईंनी भांडी नीट न धुतल्यामुळे हा शोध लागला, त्यांचे आभार.

"असं छापलं तर चालेल?"

थोरलीच्या डोळ्यांसमोर फ्रिज आला. "छापा," ती म्हणाली.

पान घरी आलं. इंग्रजी वाचता येणारी घरात एकटी धाकटीच. सासूबाई, दोघींचे नवरे, सगळे कान टवकारून बसले. थोरलीच्या मनात आलं, आता ही वाचणार, आणि मिटक्या मारत वाचणार. तिच्या जागी आपण असतो तर तसंच वाचलं असतं.

धाकटी त्या ओळीपाशी थबकली. तिने एकदा थोरलीकडे पाहिलं.

"जाऊबाईंच्या भांडी धुण्याच्या खास पद्धतीमुळे हा शोध लागला," तिने वाचलं.

सासूबाईंनी पान फ्रिजवर लावलं, तेही धाकटीच्या पानाच्या वर. थोरली सगळ्यांकडे बघून हसली, आणि आतून पुन्हा पेटली. मेली इथेही मोठी निघाली.