थोरलीला गिऱ्हाईक

धक्क्यावर माझं दुकान आहे. दोर, रंग, साखळ्या असलं काहीबाही विकतो. पण लोक येतात ते बातम्यांसाठी, आणि दारी आलेल्याला मी कधी विन्मुख पाठवत नाही. कप्तानाच्या बोटीची बातमी मात्र सांगताना अजूनही माझी जीभ जरा जड होते.

कप्तान हे त्याचं टोपणनाव. हुद्दा म्हणाल तर चष्मेवाला. लोकांच्या नाकांवर काचा बसवण्यात त्याचा जन्म गेला. पण पहिल्या कमाईतून त्याने घर घेतलं नाही, शिडाची जुनी बोट घेतली. खोल पोटाची, सागवानी डेकची, महासागर ओलांडायलाच बांधलेली. लग्न झाल्यावर दुकानाला कुलूप लावून नवराबायको दोन वर्षं तिच्यातून जग फिरून आले. वहिनी हसून सांगायच्या, "मी सासरी आले तेव्हा ही आधीच घरात होती. ती थोरली, मी धाकटी." तेव्हापासून धक्क्यावर तिला सगळे थोरलीच म्हणतात. रंगवलेलं नाव कुणाच्या लक्षातही नाही.

गेल्या वर्षी कप्तान एकटाच थोरलीला घेऊन बाहेर पडला. संध्याकाळी कोळ्यांना ती सापडली, शीड फडफडतंय, बोट स्वतःभोवती गिरक्या घेतेय, आणि सुकाणूपाशी कप्तान तोंड उघडं टाकून पडलेला. वाचला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पुन्हा एकटे गेलात तर परत याल असं धरून चालू नका.

वहिनींनी त्याच दिवसापासून थोरलीवर पाय ठेवला नाही. म्हणाल्या, "विका." आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग कप्तानाने तोडगा काढला. हंगाम संपायच्या आत गिऱ्हाईक मिळालं तर थोरली त्याची. नाही मिळालं तर आपण एक शेवटची सफर करणार. लांबची, एकट्याने.

"आणि त्यानंतर?" वहिनींनी विचारलं.

"त्यानंतर काय असणार?" कप्तान म्हणाला.

तरी वहिनी कबूल झाल्या. एवढी देखणी बोट, कोण नाही म्हणेल? तिथेच फसल्या. कप्तान शब्दाचा पक्का, हे त्यांना ठाऊक होतं. तो किती बिलंदर आहे हे मात्र इतकी वर्षं संसार करून विसरल्या होत्या.

गिऱ्हाइकं आली. एक दातांचा डॉक्टर आला, डोलकाठीकडे बघून हरखला, खाली केबिनमध्ये गेला आणि पडलेला चेहरा घेऊन वर आला. दोघे भाऊ आले, त्यांचीही तीच गत. फळ्या उचलल्या की तळात पाणी! कप्तान मयताला आल्यासारखा बाजूला उभा. "वय झालं हो तिचं. गळते थोडी. पण बादली हाताशी ठेवली की झालं."

म्हणे बादली! कोण घेणार अशी बोट? आणि मी मनात म्हणायचो, या बोटीच्या तळाला वर्षानुवर्षं माझ्याच दुकानातला रंग लागलाय, आजवर एक थेंब आत आला नाही. नक्की कुठे पाणी मुरतंय?

हंगाम सरत आला. वहिनी रोज सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसू लागल्या. काही घ्यायच्या नाहीत. धक्क्याकडे बघत राहायच्या. कप्तान मात्र टवटवीत. एके दिवशी माझ्याकडून नवे दोर घेऊन गेला, तेही उत्तमातले. विकायच्या बोटीला कुणी नवे दोर घेतं का? वहिनींनी ते बघितलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मग एक बाई आली. उन्हाने रापलेली, आखूड केसांची. दोन समुद्र एकटीने पार केलेत म्हणे. तिच्या मागोमाग मीही खाली उतरलो; आता मला कोणी बोलावलं नव्हतं, पण अशा गोष्टींना बोलावणं कशाला लागतं? तिने फळी उचलली, पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला.

"काका, गळतीचं पाणी तळात साचून काळं, तेलकट होतं. हे तर आंघोळीला घेता येईल."

तिने टॉर्च फिरवला. अशा बोटीच्या पोटात समुद्राचं पाणी आत घ्यायला भोकं ठेवलेली असतात, आणि प्रत्येक भोकावर पितळी झडप. बाकीच्या झडपांवर हिरवट थर चढलेला. एकीचाच दांडा लखलखीत, आणि तिची नळीही काढून ठेवलेली.

"हिला पिळून तुम्हीच रोज पाणी आत घेता," ती हळूच म्हणाली. "पितळ गुलाबी पडायला लागलंय बघा. खाऱ्या पाण्याने आतून खाल्लंय. एक दिवस हातात येईल."

वर आल्यावर वहिनींना एवढंच म्हणाली, "काकू, बोट ठणठणीत आहे. शनिवारी येऊन घेऊन जाते. तोवर काकांकडे लक्ष ठेवा."

शनिवारी सकाळी वहिनी धापा टाकत दुकानात आल्या. "हे इकडे आलेत का हो, भावजी? अंथरुणात नाहीत."

मी धक्क्याकडे बघितलं. थोरलीच्या अंगावर पाण्याच्या वर एक लाल पट्टा असतो. तो दिसत नव्हता. शेजारच्या बोटी डुलत होत्या आणि ती हलत नव्हती.

वहिनी धावल्या. मी पंपासाठी ओरडलो आणि गुडघे नेतील तसा त्यांच्या मागे गेलो. वरून डोकावलो तर खाली गुडघाभर पाणी, त्यात कप्तान बसकण मारून बसलेला, दोन्ही तळवे भोकावर दाबून. पुन्हा पिळायला गेला असणार; मोडलेली झडप बाजूला पडलेली. बोटांच्या फटींतून पाणी उसळत होतं. ओठ निळे पडले होते त्याचे.

"अहो, वर या," वहिनी शिडीवरून म्हणाल्या.

"हात काढला तर जाईल ती."

"जाऊ दे."

"तू वर जा. ऐक माझं."

वहिनी शिडी उतरून पाण्यात गेल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या. पदर खोचला, हात मांडीवर ठेवले. लग्नाच्या मांडवात बसतात तशा.

"हे काय करतेस?"

"बसलेय."

"अगं, पाणी चढतंय!"

"दिसतंय मला. चष्मा तुम्हीच दिलाय."

मी पुन्हा पंपासाठी ओरडलो. पंप पलीकडच्या टोकाला होता, ढकलत आणत होते. पाणी बाकावर आलं, वहिनींच्या कमरेला लागलं. त्या थरथरत होत्या, पण उठेनात. कप्तान त्यांच्याकडे बघत होता, मग आपल्या हातांकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. इतका वेळ की मला वाटलं, आता हे दोघं इथेच.

मग त्याने हात काढले.

दोघं वर आली. पंप पोचेपर्यंत थोरली धक्क्यालाच बुडाली. डोलकाठी तेवढी वर राहिली, जराशी कलती. दुपारी ती रापलेली बाई आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "वर काढू. मी घेतेय."

क्रेन आली, चिखल उपसला, नवी झडप बसली. हंगाम संपायच्या आत सौदा झाला. कप्तानाने शब्द पाळला, एका अक्षराने कुरकुरला नाही. दुकानात येऊन माझ्या थट्टेलाही हसला. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

थोरली निघाली त्या दिवशी सारा धक्का निरोपाला जमला होता. शीड फुगलं, लोकांनी हात हलवले. मी शेजारीच होतो. कप्तान शिडाकडे बघत नव्हता. मान खाली घालून, धक्क्याखालच्या हिरव्या पाण्याकडे बघत होता. वहिनींनी त्याचं कोपर दोन्ही हातांनी धरलं होतं. शीड दिसेनासं झालं, माणसं पांगली, तरी त्यांनी ते सोडलं नाही.