ताईनं ऊन दाखवलेली वही

बाबांची गाण्यांच्या चालींची वही स्कॅन करायला मी अमरावतीहून अकोल्याला निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत लॅपटॉप, मान वाकवून वरून फोटो काढणारा स्कॅनर, मऊ ब्रश, पांढरे सुती हातमोजे आणि भरपूर शहाणपण होतं. तीस वर्षं ग्रंथालयात काढलेला माणूस जुन्या कागदाबद्दल कोणाचं ऐकून घेत नाही. आई गेल्यावर तिची ट्रंक ताईकडे आली आणि वही त्या ट्रंकेत सापडली. ताईला मी फोनवर चार वेळा बजावलं होतं, वहीला हात लावू नको.

मी पोचलो तेव्हा वही गच्चीवर होती. मे महिना, दुपारचे बारा, बाजूला कुरड्यांचं वाळवण आणि मधोमध बाबांची वही, पानं उडू नयेत म्हणून वर वरवंटा ठेवलेला.

"वास येऊन राहिला होता तिले," ताई म्हणाली. "म्हणून ऊन दाखवलं. तीन दिवसांपासून वाळून राहिली."

आमच्याकडे ऊन हेच औषध. गादीला ऊन, डाळीला ऊन, लोणच्याच्या बरणीला ऊन. मग वहीनं काय घोडं मारलं होतं? पण मी मोजे घालून पहिलं पान उलटलं आणि त्याचा कोपरा पापडासारखा मोडून हातात आला.

"ते मोजे काढ आधी," ताई म्हणाली. "हात धू अन् हातानं पलट."

तिचं बरोबर होतं. मोज्यांत बोटांना कागद कळतच नव्हता. तिचं बरोबर होतं म्हणूनच मी जास्त चिडलो आणि बोलून गेलो, "साठ वर्षं टिकलेली वही, तू तीन दिवसांत संपवली."

ताई खाली गेली. थोड्या वेळानं मी स्वयंपाकघरात डोकावलो, तर ती नुसतीच बसलेली.

"बाबाची चाल मी तवा पाडली," ती म्हणाली, "अन् आता वहीबी मीच संपवली."

कोणती चाल, ते मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. बाबा मूर्तिजापूरला रेल्वेत होते आणि वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. चाली स्वतः बांधायचे, सा-रे-ग-म करून वहीत उतरवायचे. ताई बारा वर्षांची असताना चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी तिला एक गाणं दिलं. अंतऱ्याची तिसरी ओळ फार उंच जायची. भरल्या मांडवात ताईचा आवाज तिथवर पोचलाच नाही. ती अर्ध्यातून वळली आणि खालच्या सुरांवर उतरून तिनं ओळ कशीबशी पुरी केली. बाबांनी पेटीवर सांभाळून घेतलं, पण घर येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही. ताई पुन्हा कधी गायली नाही. पुढे जयंतीला त्या गाण्याची वेळ आली की ती मांडवातून उठून जायची. मी तेव्हा सहा वर्षांचा, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता तिला एवढंच हवं होतं, की त्या गाण्याचं एक पान तरी शाबूत राहावं.

मला माझीच लाज वाटली. वाळून कडक झालेल्या कागदाला हळूहळू ओलावा दिला तर तो पुन्हा वळतो, हे मला माहीत होतं. तेवढं शहाणपण तरी कामी आणायचं ठरवलं. ताईच्या परातीत गार पाणी घेतलं, त्यावर चाळणी, चाळणीवर शिवणीतून सुटलेली तीन-चार पानं आणि वरून मोठं पातेलं उपडं. हा सगळा संसार कूलरच्या खोलीत मांडला. शाईवर थेंब पडला असता तर अक्षरं पुसली गेली असती, त्यामुळे माझा जीव टांगणीला. ताई दर पाच मिनिटांनी पातेलं उचलून बघायची.

"भात शिजून राहिला काय," मी म्हणालो, "सारखं झाकण उघडायले?"

ती हसली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं. तासा-दोन तासांनी पान काढलं तर शिळ्या पोळीला वाफ दिल्यासारखं नरम झालेलं. दोन दिवस आम्ही मजेत काम केलं. मी धुतल्या हातानं पान मांडायचो, ताई बटण दाबायची, मध्येच पन्हं व्हायचं. माझे मोजे तिनं स्कॅनरचं भिंग पुसायला घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गाण्याचं पान आलं. ताईला स्वरलिपी वाचता येत नाही, ती कानानं शिकलेली. कागदावर तिसरी ओळ खोडलेली दिसत होती, बस. लॅपटॉपवर रंग गडद केला, तेव्हा खोडलेल्या निळ्या ओळीच्या डोक्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलेली, फिकी पडलेली दुसरी ओळ वर आली. समासात त्याच पेन्सिलीतलं बाबांचं तिरपं अक्षर होतं.

"वाच," ताई म्हणाली.

"पोरीनं म्हटली तीच बरी. यापुढं हीच म्हणायची."

ताई स्क्रीनकडे बघत राहिली. मी पुढे कितीतरी वर्षं पार्टीत कोरसला बसून हे गाणं म्हटलं होतं. ती उंच ओळ मी कधी ऐकलीच नव्हती. आम्ही सगळे इतकी वर्षं ताईचीच चाल गात होतो.

"अन् मले सांगतलं काहून नाई त्यानं?" ताई रागावून म्हणाली. तिनं खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. मग म्हणाली, "सूर वाच."

मी एकेक स्वर वाचायला लागलो. प, म, ग...

"थांब. 'ग'वर मी दम घेतला होता. पुरलाच नव्हता मले. तेवढं लिवायचं सोडलं असन त्यानं."

मी पान आणखी मोठं केलं. 'ग'च्या पुढे दोन मात्रांची जागा मोकळी होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, दम.

"तेबी लिवलं हाय," मी म्हणालो.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही. तिनं खाकरून गळा साफ केला आणि ती ओळ म्हटली. 'ग'वर आली, थांबली आणि बाबांनी ठेवलेल्या त्या जागेत तिनं निवांत दम घेतला.