मिठाचा बर्फ

आमच्या तांड्यावरची ऊसतोडीला गेलेली घरं मे महिन्यात परततात, आणि पोरांचे राहून गेलेले लसीचे डोस तेव्हाच द्यावे लागतात. माझी याडी, म्हणजे आई, तांड्याची आशा सेविका. त्या वर्षी ती आठ दिवस दारोदार फिरून बायकांना तयार करत होती, कारण लसीच्या दिवसानंतर दोनच दिवसांनी निम्मी घरं वीटभट्टीवर निघणार होती.

लसीचा डबा सकाळीच घरी आला. आरोग्य केंद्रात रात्रभर लाईट नव्हती, त्यामुळे डब्यातल्या बर्फाच्या पॅकांत नुसतं गार पाणी होतं. नर्सबाई अकराला येणार होत्या. याडी सारखी डब्याला हात लावून पाहत होती.

मी विज्ञानाची पत्रकं वाचून वाढलेली. एका पत्रकात होतं की पाणी शून्य अंशावर गोठतं, पण त्यात मीठ विरघळलं की गोठायला जास्त थंडी लागते. म्हणून मीठ टाकलेला बर्फ वितळू लागतो आणि वितळता वितळता शून्याच्या बराच खाली उतरतो. कुल्फीवाले याच्यावरच कुल्फी जमवतात. मी स्टँडवरून बर्फ आणला, फोडला, दोन मुठी खडेमीठ घालून पिशव्यांत भरला आणि लसीच्या बाटल्यांना अगदी चिकटवून ठेवला.

"मीठ कायले?" याडीनं विचारलं. मी तिला सगळं पत्रक ऐकवलं. ती कौतुकानं ऐकत राहिली.

नर्सबाईंनी बाटली काढून उजेडात धरली. आत पांढरा बर्फ झाला होता. कोणी केलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी पुढे झाले.

"पोरी, ही लस हाय, कुल्फी नाही," त्या म्हणाल्या. "गोठली की कामातून गेली. वितळवून उपयोग नाही."

त्यांनी सगळ्या बाटल्या बाजूला काढल्या. निंबाखाली लेकरं घेऊन बसलेल्या बायकांपैकी एक मला म्हणाली, "मास्तरीणबाई, आता लेकराले मीठ लावून ठेवू काय?" सगळ्या हसल्या आणि उठून गेल्या. नवी लस यायच्या आत वीटभट्टीचा ट्रक निघाला.

तालुक्याच्या कार्यालयानं खुलासा मागितला तो याडीकडे. लाईट का नव्हती, हे कोणालाच विचारलं नाही. आम्ही दोघी तिथं गेलो, तेव्हा मजकूर तिथल्या बाबूनंच सांगितला: 'माझ्या अज्ञानामुळे लस खराब झाली.' मी भांडायला उठले. अज्ञान तिचं नाही, अर्धवट ज्ञान माझं आहे, आणि लाईटचंही लिहा, असं म्हणाले.

याडीनं माझा हात दाबला. "तू गप राय. तुह्यं ज्ञान लिहिलं त लस पोरीच्या हाती दिली म्हून मले काढून टाकतीन."

तिनं सही केली. मग बाबूनं रजिस्टर पुढे सरकवलं आणि त्या पोरांच्या नावांपुढे काय लिहायचं ते सांगितलं. याडीनं एकेका नावापुढे सावकाश लिहिलं: स्थलांतरित. लस चुकली, असं त्या पानावर कुठंच नाही.