घोंगडं वाळेना

आमच्या आटपाडीकडं जाऊन "मला उन्हाची आठवण येते" असं म्हटलं, तर लोक आधी कपाळाला हात लावून ताप बघतील. टँकरची वाट बघणाऱ्या बाईपुढं उन्हाचं कौतुक करायला जीभ उचलत नाही. माझं लग्न पाटणच्या वर, डोंगराखालच्या गावात ठरलं तेव्हा सगळ्या वस्तीनं माझा हेवा केला. "नशीब काढलंस गं, दारात पाणी." खोटं नव्हतं ते. दारात पाणी, परसात पाणी, भिंतीतनंसुद्धा पाणी. पावसाळाभर मिठाला पाणी सुटतं, काडी पेटत नाही, कपाटातल्या साड्यांना कुबट वास मारतो. लग्नाला बरीच वर्षं झाली, पोरं शिकायला पुण्याला गेली, तरी आषाढ लागला की माझं डोकं फिरतं. मी भांडी आपटायला लागते आणि आमचे हे गपचिप छत्री घेऊन बाहेर पडतात.

मला हवं असतं ते वैशाखातलं ऊन. एका लिंबाच्या सावलीतनं दुसऱ्या लिंबाखाली पळेपर्यंत तळवे भाजायचे. दुपारी पत्रा तडतडायचा. आम्ही धनगर, मेंढरं हाच घरचा धंदा. आबा, म्हणजे माझे वडील, दुपारी मेंढरं बसवायला आणायचे, तेव्हा ती एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची. आई माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायची आणि मी अंगणात दोन चकरा मारून येईपर्यंत परकर अंगावरच खडखडीत वाळायचा. असलं ऊन आमच्या पाटणला मेमध्येही पडत नाही. पडलं तरी दुपारी आभाळ भरून येतंच.

गेल्या साली आई गेली. मला भाऊ नाही. आबांचे गुडघे गेलेले, मेंढरं चुलत्यांच्या हवाली केलेली. एवढ्या मोठ्या माळावर ते एकटे भाकरी थापत बसणार, हे डोळ्यांपुढं आलं की मला घास गिळवेना. मी ठरवलं, आबांना कायमचं आपल्याकडं आणायचं. ह्यांनीही लगेच मान डोलावली. आबा एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

पाऊस तोंडावर आला असताना ते आले. खांद्यावर घोंगडं, आणि त्याला ताजी खळ दिलेली. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ घोंगड्याला चोपडतात आणि उन्हात टाकतात, म्हणजे ते कडक होतं. मऊ पडलेलं घोंगडं घेऊन पाव्हण्याच्या दारात जायचं नाही, ही आबांची रीत. आटपाडीच्या उन्हात ते पापडासारखं वाळलं होतं. आमच्याकडं आठ दिवसांत त्यानं ओल धरली, मग ते चिकट झालं, मग त्यावर हिरवट बुरशी चढली.

"आवं आबा, ह्या दिवसांत खळ कशाला दिली?"

"मग पोरीकडं ऱ्हायाला यायचं, तर बिनखळीचं आणू व्हय?"

आमच्याकडं पावसाळ्यात चुलीच्या वर बांबू टांगून त्यावर कपडे वाळवतात, तिथं घातलं. घोंगडं वाळेना, धुराचा वास मात्र घेऊन बसलं. पंख्याखाली पसरलं, तरी वाळेना. शेवटी मी इस्त्री फिरवली. लोकर करपल्याचा असा वास सुटला की हे अंघोळ अर्धी टाकून धावत आले. आबा शांतपणे म्हणाले, "मेंढरू भाजलं का काय कुणी?"

हसण्यावारी नेलं, पण मला दिसत होतं. ज्या आबांनी जन्मभर सूर्याकडं बघून वेळ सांगितली, ते आता सारखं विचारायचे, "किती वाजलं गं?" सकाळी उठून ओट्यावर उगवतीकडं तोंड करून बसायचे. समोर ढग, ढगामागं डोंगर, आणि पागोळ्या गळतायत. तासभर तसेच बसायचे. भाकरी कमी झाली. विचारलं की, "ब्येस हाय की." मला रडू यायचं आणि रागही यायचा. राग कुणावर काढायचा? मी भेंडीवर काढायची.

एकदा अचानक ऊन पडलं. आबा घोंगडं उचलून निघाले, गुडघे विसरून. मागनं मी. दगडावर एक टोक त्यांनी टाकलं, दुसरं मी ताणलं आणि भुरभुर सुरू झाली. आम्ही दोघंही घोंगडं तसंच धरून उभे. माझ्या तोंडून आभाळाला अशी शिवी गेली की शेजारीण दारात आली.

"आयवर गेलीस," आबा म्हणाले आणि पोट धरून हसले. इथं आल्यापासनं मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

श्रावणात खोकला धरला. डॉक्टर म्हणाले, यांना कोरड्या हवेत न्या. मी चार दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एका रात्रीत खोकला वाढला, आणि सकाळी मी स्वतःच त्यांची पिशवी भरली.

ह्यांनी गाडी काढली. कराडपर्यंत काचेवर पाऊस होता. विटा मागं पडलं तसं आभाळ निवळलं आणि पुढं रस्ता पांढरा दिसायला लागला. घरी पोचलो. घर उघडलं, घोंगडं दगडांवर पसरलं. मी चपला काढून अंगणात उभी राहिले. तळव्यांना चटका बसला आणि मला एवढं बरं वाटलं की आबांसमोर लाज वाटली. आबांना इथं सोडून जायचं होतं आणि मी ऊन खात उभी.

"झालं तुमच्या मनासारखं," मी जरा तोडूनच बोलले. "आता तुमी न्हाई येत परत."

"येणार की. फुडच्या आखाडात."

"कशाला? जिवावर बेतलं हुतं न्हवं?"

आबा भिंतीला टेकून बसले. "पावसाळ्यात फोनवर तुजा आवाज लय बारीक येतो. तुजी आय दर साली म्हणायची, एक पावसाळा पोरीपाशी जाऊन बसूया. मेंढरं टाकून कवा जमलंच न्हाई. औंदा मेंढरं न्हवती, तीबी न्हवती. म्हणलं, आपुन तरी जावं."

मी इतके दिवस समजत होते की एकट्या पडलेल्या बापाला मी सांभाळायला आणलंय. आबा डोळे मिटून उन्हाला तोंड देऊन बसले होते.

गाडीपाशी हे घड्याळ बघत होते. अंधाराच्या आत पाटण गाठायचं होतं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं. मी चार दिवस राहते."

आबांनी डोळे न उघडताच सरकून भिंतीला मला जागा केली.