पहिली पायली बाईंची

आमच्या टाकव्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या देशमाने बाईंना एक खोड होती. समोर येईल त्या वस्तूकडे बघून विचारायच्या, "मोजता येतं का?" चहा दिला तरी तेच. "कप मोजता येतात आबा, चहा नाही. इंग्रजीत अशा नामाला आधी भांडं द्यायचं, मग मोजायचं."

मी दुसरीतून शाळा सोडलेला. मला कोण शिकवणार? पण एका सुगीला बाई अख्खा वर्ग घेऊन माझ्या खळ्यावर आल्या. चपला बांधाखालीच काढल्या, ते मला आवडलं. मग भाताच्या राशीकडे बोट करून पोरांना म्हणाल्या, "पॅडी. हे मोजता येत नाही."

मी तडकलो. "कुनाला येत न्हाई? इंग्रजाला येत नसंल! माझी हयात गेली ह्यात." पायली भरली आणि मोठ्यानं म्हणालो, "लाभ! दोन! तीन!"

पोरं फिदीफिदी हसली. "आबांना एकच येत न्हाई!"

"पयल्या मापाला आमी एक म्हनत न्हाई. लाभ म्हनायचं. एक म्हनलं की रास सरायला लागती."

बाई म्हणाल्या, "आबांनी पायल्या मोजल्या, भात नाही. म्हणजे मी काही हरले नाही. पण पहिलं माप मोजायचंच नाही, हे आमच्या व्याकरणात नाही हो. ती पायली मला द्या."

दिली. तेव्हापासून दर सुगीला लाभाची पायली बाईंची. निवृत्त होऊन वडगावला गेल्या, तरी एसटीनं यायच्या, पिशवी पुढं धरायच्या. "हं, म्हणा आबा."

यंदा बाई अंथरुणाला खिळल्या. रास तयार, टेम्पो दारात. मुलगा म्हणाला, "आबा, थेट वजनकाट्यावर घालू."

"बाई आल्याबिगर रास हलायची न्हाई."

टेम्पो रिकामा गेला. घरात कुणी माझ्याशी बोलेना. मुलानंच बाईंना फोन लावून दिला.

"आबा, भात काट्यावर घाला. आभाळ भरून आलंय."

"तुमी या, मग घालतो."

"फार हट्टी आहात."

"व्हय. हट्ट मोजता येतो का, बाई?"

हसता हसता त्यांना खोकला लागला. तेवढंच शेवटचं बोलणं.

वडगावला बाईंच्या मातीला जाऊन आलो, तो घरात न शिरता खळ्यावर गेलो. मुलानं पायली हातात दिली. काठोकाठ भरली, वर निमुळती शीग लावली. लाभ म्हणायला तोंड उघडलं.

"बाई," म्हणालो. मग दोन. मग तीन.