साहेब येणार म्हणून रिकामी केलेली खोली

शामलाच्या घराची पुढची खोली म्हणजे आरोग्य केंद्र, हे शिंदे की छावनी या अख्ख्या वस्तीला ठाऊक. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर शामला आणि मंदाताई या दोघी नर्सांनी ते थाटलं. डॉक्टर आठवड्यातून एकदा डोकावायचे, बाकी सगळा कारभार यांचाच. शामला तोंडाची भारी फटकळ. सुनेला लसीसाठी पाठवायला कुरकुरणाऱ्या सासूला ती असं फैलावर घ्यायची, की सासू स्वतःच नातवाला कडेवर घेऊन रांगेत उभी राहायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच शामलासाठी वाटीभर शिरा घेऊन यायची. काय दिवस होते ते! स्पिरिटचा वास, स्टोव्हवरचा चहा, पोरांचं भोकाड. शामला म्हणायची, "मंदे, ही खोली गप्प झाली की समज आपण संपलो."

शामला गेली. मंदाताईंनी खोली मात्र गप्प होऊ दिली नाही. मदतीला उन्नती नावाची तरुण नर्स आली. तिचा पगार, औषधं, सगळं सरकारी अनुदानावर चालायचं. यंदा नवा नियम निघाला: आरोग्य खात्याचे साहेब स्वतः पाहणी करणार, लोक खरंच येतात असं दिसलं तरच अनुदान, नाहीतर मार्चनंतर कुलूप.

पाहणीच्या दिवशी उन्नती लसी आणायला मुरारला गेली आणि मंदाताई साहेबांना घेऊन यायला कचेरीत. जाताना त्यांनी शेजारच्या महिपतरावांकडे किल्ली दिली. "काका, साहेब येतायत. केंद्राकडे जरा बघा हं."

इथेच घोटाळा झाला. महिपतरावांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दरबारात होते. दरबार कधीच उठला, पण रीत घरात मुक्कामाला राहिली: सरकारची स्वारी यायची म्हटलं की वाट मोकळी करायची, गर्दी हटवायची.

मंदाताई साहेबांसोबत आल्या तर दारात रांगोळी, फरशी लख्ख, शामलाच्या फोटोला ताजा हार. आणि बाक रिकामा. चिटपाखरू नाही. फेटा बांधलेले महिपतराव हात जोडून उभे, "पधारिए हुज़ूर!"

दिग्विजयसिंह साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "मैडम, मरीज़ कहाँ हैं?"

इतक्या वर्षांत ही खोली मंदाताईंनी अशी कधी पाहिलीच नव्हती. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. कुलूप लागल्यावर हे असंच दिसणार, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

"जो दिखेगा, वही लिखना पड़ेगा," साहेबांनी पेन काढलं.

तेवढ्यात समोरच्या राममंदिरात एक बाळ रडलं. लगेच दुसरं. मग कुणीतरी खोकलं. मंदाताई तशाच धावत सुटल्या.

सभामंडपात सगळी रांग बसलेली! सणावारासारखे ठेवणीतले कपडे, मांडीवर बाळं, जखमेचं ड्रेसिंग व्हायचं असलेले आजोबा पाय लांब करून. कुणी हूं की चूं करत नव्हतं, बाळं सोडून.

"काका, हे काय केलंत तुम्ही?" मंदाताई कडाडल्या.

मागून आलेले महिपतराव गडबडले. "ताई, मीच बोललो सगळ्यांना, साहेब जाईपर्यंत इथे बसा. सरकारसमोर लोकांनी खोकायचं का? अच्छा नहीं लगता ना."

"खोकायचंच! केंद्र आणखी कशासाठी आहे?"

साहेब पायरीशी येऊन उभे होते. हसू दाबत म्हणाले, "सबको अंदर बुलाइए।"

पण उठतंय कोण? सगळे महिपतरावांच्या तोंडाकडे बघत बसले. म्हातारा पार ओशाळला. त्याने फेटा उतरवून काखेत मारला, ड्रेसिंगवाल्या आजोबांना हाताला धरून उठवलं आणि म्हणाला, "चला रे, चला. माझंच चुकलं."

घटकाभरात खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बाकाच्या टोकाशी अंग चोरून बसून साहेबांनी तिथेच शिफारस लिहिली. अनुदान पुढे यथावकाश आलंही.

उन्नती लसींचा डबा घेऊन परतली, तेव्हा चार पोरं एकदम गळा काढत होती. ती दारातूनच ओरडली, "अरे, किती शोर! शांत बसा ना जरा!"

"नको गं," एका बाळाचा दंड पुसता पुसता मंदाताई म्हणाल्या. "शांत खोली मी आज बघितलीय."