ब्लोअरवाले नाना

नको असलेले बोलणे कानावर येऊ लागले की ब्लोअरवाले नाना आपल्या वारा फेकणाऱ्या यंत्राचे बटण दाबीत. कोणी त्यांची स्तुती करो वा शेजाऱ्याची निंदा करो, नाना हसून मान हलवीत आणि पुढच्याच क्षणी घरघर सुरू होई. बोलणाऱ्याचे ओठ हलत राहत. शब्द वाऱ्यावर जात. "लई आवाज करतंय हे, काय करता," असे ते नंतर निरागसपणे म्हणत. दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात घालवलेल्या मला, समोरच्याची बाजू न ऐकताच कामकाज आटोपण्याची ही रीत प्रारंभी मुळीच मान्य नव्हती.

सोनईकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या वेशीलगत, ग्रामपंचायतीच्या जागेत त्यांचे गाड्या धुण्याचे सेंटर होते आणि मागेच घर. धुणारे पुष्कळ असतात. नाना वाळवणारे होते. ओल्या गाडीला फडके लावलेले त्यांना खपत नसे. "फडक्यात कचकच ऱ्हाती, तिचं वरखडं पडत्यात. वारा कुनाला वरखडत न्हाई," हे त्यांचे ठरलेले वाक्य. टपापासून आरंभ करून, शेळ्या हाकाव्यात तसे ते नळीच्या तोंडाने पाणी खाली खाली हाकलीत. पुढे टांगलेली लिंबू-मिरची आधी अलगद सोडून ठेवीत आणि शेवटी जागच्या जागी बांधीत. सर्वांत अधिक वेळ जाई तो आरशांच्या मागे. तिथे पाणी दडून बसते आणि गाडी रस्त्याला लागली की ओघळू लागते. त्याला नाना "गाडी रडती" असे म्हणत.

गावाचा वैकुंठरथही तेच धूत. अंत्यविधी आटोपून तो परत आला की इतर गाड्या बाजूला. मी एकदा विचारले, "नाना, ही गाडी एवढी कोरडी कशाला करायची? उन्हात वाळेल की."

"न्हाई साहेब. तिला पुढच्या कुनाच्या तरी दारात जायचं आसतं. मानसं रडत असत्यात, तेवढं बास. गाडीनं रडू न्हाई."

गावाला हेच खुपू लागले. जो वारा मढ्याच्या गाडीला लागला, तोच आपल्या नव्या गाडीला नको, अशी कुजबुज सुरू झाली आणि गाड्या फाट्यावरच्या नव्या सेंटरकडे वळल्या. एवढ्यावर न थांबता, नानांनी वैकुंठरथ धुणे बंद करावे, अन्यथा वेशीची जागा सोडावी, असा ठराव ग्रामसभेपुढे आणण्याचे घाटले गेले. नाना एवढेच म्हणाले, "जागा सोडंन. गाडी न्हाई सोडायचो."

माझा संताप अनावर झाला. मी सरपंचांस लिहिले, गटविकास अधिकाऱ्यांस लिहिले, तहसीलदारांस लिहिले. मृतदेह वाहणारी गाडी धुतल्याने माणूस अथवा यंत्र विटाळते, असे कोणत्या कायद्यात नमूद आहे, ते कलमासह लेखी कळवावे, अशी मागणी केली. उत्तर कोणाचेही आले नाही.

ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि हाच प्रश्न तोंडी विचारला. ठराव आणणारे बाळासाहेब बागायतदार. त्यांनी पाय लांब करून म्हटले, "वकीलसाहेब, आमाला कायदा शिकवता. तुमची सोताची गाडी कुठं धुवायला जाती?"

मी वकील नाही, हे ठाऊक असूनच ते मला तसे म्हणत. मी ताठ मानेने सांगितले, "इथेच. नानांकडे."

हशा पिकला. "पोराला इचारा, पोराला!" मागून कोणी तरी ओरडले. मला त्या हशाचा अर्थ लागेना.

तेवढ्यात कोपऱ्यातून नाना उठले. "इथंच येती. रविवारच्या सकाळी. मीच वाळिवतो."

हसणे थांबले. नाना खोटे बोलत नाहीत, हे गावाला माहीत होते. ठराव बारगळला. मी विजयी मुद्रेने खाली बसलो, हे आठवले की आजही मान खाली जाते.

घरी येऊन मुलाला विचारले. तो मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाला, "अप्पा, सासरची माणसं बसतात गाडीत. उगाच मनात किंतू नको. घेतल्यापासून फाट्यावरच धुतो."

न्यायालयात मी असंख्य खोट्या साक्षी ऐकल्या. माझ्या लाभासाठी दिली गेलेली ही पहिली, आणि देणारा तो, ज्याचा माझ्याच घराने विटाळ मानला होता. रात्रभर मनात शब्द जुळवून मी सकाळी वेशीवर गेलो. "नाना, काल आपण माझ्यासाठी..." एवढेच बोललो. त्यांनी हसून मान हलवली आणि बटण दाबले. माझे नीट बांधलेले वाक्य संपेपर्यंत ते एका कोरड्या जीपला वारा घालीत होते.

गेल्या उन्हाळ्यात नाना झोपेतच गेले. वैकुंठरथ त्यांच्या दारात आला तो ओलाच. चालक खजील होऊन म्हणाला, "फाट्यावर गेल्तो, त्यांनी आत घेतली न्हाई. घरीच बादलीनं धुतली." आरशांच्या मागून पाणी ओघळत होते. मी रुमालाने टिपले. ते पुन्हा आले. पांढऱ्या कपड्यांतले गाव उभे राहून पाहत होते. आमची गाडी लांब, लिंबाच्या सावलीत, फाट्यावर धुतलेली, चकचकीत.

मी नानांच्या पत्नीकडून, वहिनींकडून, सेंटरची किल्ली मागून घेतली, यंत्र ओढीत आणले आणि सुरू केले. आरशांच्या मागे नळीचे तोंड धरले आणि त्या आवाजात, त्या दिवशी ऐकले न गेलेले वाक्य अथपासून इतिपर्यंत मोठ्याने म्हटले. पाणी यायचे थांबले, तेव्हा बटण बंद केले.

बाळासाहेब जवळ आले. "काय म्हनत हुता, वकीलसाहेब?"

मी मान हलवली आणि पुन्हा बटण दाबले.